प्राणिजन्य घटक नसलेले जलरंगाचे साहित्य: कुंचले, कागद आणि रंग यांची पारख

जलरंगात काम करणाऱ्याच्या टेबलावर प्राण्यांच्या शरीरातून आलेल्या गोष्टी पुष्कळ असतात, मात्र त्या चटकन ओळखू येत नाहीत. कुंचल्यात विझल या छोट्या शिकारी प्राण्याचे किंवा खारीचे केस असतात, कागदाच्या पृष्ठभागावर जिलेटिनची खळ असते, आयव्हरी ब्लॅक नावाच्या ट्यूबमध्ये जनावरांच्या हाडांचा कोळसा असतो आणि काही रंगांत बैलाचे पित्त किंवा मध मिसळलेला असतो. ज्याला हे नको आहे त्याने चांगल्या प्रतीच्या कामावर पाणी सोडायचे का, या प्रश्नाचे उत्तर मी गेली काही वर्षे प्रत्यक्ष वापरातून शोधत आले आहे. माझ्या अनुभवात कुंचल्यांच्या बाबतीत तडजोड जवळजवळ उरलेली नाही आणि रंगांच्या बाबतीत ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय पुरते. कागदाची निवड मात्र अजून अवघड आहे, आणि तिथे चित्रकाराला आपल्या कामाची पद्धतही थोडी बदलावी लागते.

कुंचल्यांपासून सुरुवात करण्याचे कारण केवळ नैतिक नाही, कायदेशीरही आहे. आपल्याकडे अनेक वर्षे मुंगसाच्या केसांचे कुंचले दुकानांत सर्रास मिळत होते आणि ताठ, टोकदार केसांमुळे चित्रकार ते आवडीने घेत असत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली मुंगूस हा संरक्षित प्राणी आहे आणि त्याची शिकार किंवा त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. तरीही हा व्यापार इतका पसरलेला होता की ऑक्टोबर २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोला ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत एकाच वेळी छापे घालावे लागले. त्यात हजारो कुंचले आणि कच्च्या केसांचा मोठा साठा जप्त झाला. उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यातले शेरकोट हे कुंचले बनवणारे गाव या कारवाईमुळे चर्चेत आले. एक किलो केसांसाठी सुमारे पन्नास मुंगसे मारली जातात, असा या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा अंदाज आहे. शेतातल्या उंदरांवर आणि सापांवर जगणारा हा प्राणी आपल्या बांधाबांधांवर दिसतो. त्याचा जीव रेषा काढण्याच्या सोयीसाठी जावा, हे मला कोणत्याही युक्तिवादाने पटत नाही. जुन्या साठ्यातला असा कुंचला ओळखायचा झाल्यास केसांकडे नीट पाहावे. टोक गडद तपकिरी, मधला भाग फिकट पिवळसर आणि मुळाशी पुन्हा गडद, असे पट्टे एकेका केसावर दिसतात. नावनिशाणी नसलेला असा कुंचला कोणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नये.

कोलिन्स्की सेबल हे जलरंगातले सर्वांत प्रतिष्ठित नाव. हे केस सायबेरियन विझल या प्राण्याच्या शेपटीचे असतात आणि उत्तम कुंचल्यांसाठी हिवाळ्यातल्या नराची शेपटी पसंत केली जाते. केस मुख्यतः रानात सापळे लावून पकडलेल्या प्राण्यांचे असतात. हा प्राणी आपल्या हिमालयातही आढळतो आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात त्याची नोंद भारताच्या मागणीवरून झालेली आहे. या केसांची थोरवी नाकारण्यात अर्थ नाही. मध्ये जाड आणि टोकाकडे निमुळता होत जाणारा प्रत्येक केस आणि त्यावरचे सूक्ष्म खवले यांमुळे कुंचल्याच्या पोटात भरपूर पाणी राहते, तरी टोक सुईसारखे उरते. कृत्रिम पर्यायानेही नेमके हेच करून दाखवले पाहिजे, म्हणून मी प्रत्येक कृत्रिम कुंचला याच दोन कसोट्यांवर तपासला: तो किती पाणी धरतो आणि ते सोडताना टोक शाबूत ठेवतो का. दुकानात ‘कॅमल हेअर’ म्हणून मिळणाऱ्या कुंचल्यांबद्दलही येथेच सांगून टाकते. त्यांत उंटाचे नव्हे, तर बहुधा खार, घोडा किंवा बकरी यांचे केस असतात, म्हणजे तेही प्राणिजन्यच.

कृत्रिम कुंचल्यांचे तंतू नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असतात. पहिल्या पिढीतले सोनेरी टॅक्लॉनचे कुंचले गुळगुळीत तंतूंचे असल्याने पाणी फार काळ धरत नसत आणि कागदाला टेकताच सगळा रंग एका ठिकाणी ओतून मोकळे होत. नव्या पिढीत तंतू वेगवेगळ्या जाडीचे घेतात, त्यांना नैसर्गिक केसांसारखी नागमोड देतात आणि टोके निमुळती करतात. तंतूंमधल्या या बारीक पोकळ्यांतच पाणी साठते. फरक किती पडला आहे, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

मोठ्या आकाशासाठी मी सध्या प्रिन्स्टन कंपनीची नेपच्यून मालिका आणि जर्मनीच्या दा विंची कंपनीची कासानेओ मालिका वापरते. दोन्ही खारीच्या केसांना पर्याय म्हणून बनवलेल्या आहेत. पावसाळ्यातला सह्याद्री रंगवताना क्षितिजापासून वर चढत जाणारा करडा ढग एका दमात उतरावा लागतो, कारण मध्ये थांबून कुंचला पुन्हा भरायला गेले की कडा वाळते आणि तिथे रेघ उमटते. अर्ध्या इंपीरियल आकाराच्या (सुमारे १५ बाय २२ इंच) कागदावर कासानेओचा मोठा गोल कुंचला डावीकडून उजवीकडे नेताना ओली कड शेवटपर्यंत ओलीच राहते. कुंचला उचलल्यावरही त्याच्या पोटात ओल उरलेली असते आणि त्याच ओलीने ढगाची खालची बाजू विरघळवता येते. नेपच्यून स्वभावाने त्याहून मऊ आहे. कागदावर दाबला की पसरतो आणि पसरलेलाच राहतो, म्हणून तो पार्श्वभूमीसाठी आणि ओल्यावर ओले काम करण्यासाठी घ्यावा, नेमक्या आकारांसाठी घेऊ नये.

रेषेसाठी गोष्ट वेगळी आहे. तिथे दाब काढताच टोक परत जागेवर यायला हवे. प्रिन्स्टनची अक्वा एलिट आणि स्पेनच्या एस्कोडा कंपनीची व्हर्सातिल या दोन मालिका कोलिन्स्कीला पर्याय म्हणून बाजारात आहेत आणि त्या मला खरोखर बदली म्हणता येतील अशा वाटतात. हर्णै बंदरातल्या मासेमारी होड्यांचे दोर हा माझा आवडता विषय आहे. डोलकाठीपासून नाळेपर्यंत ताणलेला दोर वर जाड दिसतो आणि खाली प्रकाशात जवळजवळ नाहीसा होतो. आठ नंबरच्या व्हर्सातिलने हा दोर वरून दाब देऊन सुरू करता येतो आणि हात न थांबवता दाब कमी करत केसाइतका बारीक करता येतो. यासाठी वेगळा रिगर, म्हणजे लांब रेषांसाठीचा बारीक, लांब केसांचा कुंचला, लागत नाही. एस्कोडाचीच पेर्ला ही पांढऱ्या तंतूंची मालिका याहून ताठ आहे आणि कोरड्या कागदावरच्या खुणा, खिडक्यांचे गज, गवताची पाती यांसाठी ती मला अधिक सोयीची वाटते. ती पाणी कमी धरते, पण अशा कामात जास्त पाणी नकोच असते.

एवढे सगळे परदेशी कुंचले घेणे प्रत्येकाला परवडणारे नाही आणि विद्यार्थ्याला त्याची गरजही नाही. १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत सुरू केलेल्या आणि आता कोकुयो कॅमलिन या नावाने चालणाऱ्या कंपनीचे कॅमल छापाचे सिंथेटिक गोल्ड कुंचले गावोगावच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. त्यातली ६६ क्रमांकाची मालिका गोल आणि ६७ क्रमांकाची चपटी आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी मी हेच सुचवते. पोस्टर रंगाला थोडा ताठ तंतू लागतोच आणि स्थिरचित्रातल्या भांड्याची कड त्याने स्वच्छ निघते. हे सोनेरी तंतूंचे कुंचले आहेत, त्यामुळे मोठ्या वॉशसाठी, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरासाठी, त्यांच्याकडून नागमोडी तंतूंइतकी अपेक्षा ठेवू नये.

कोणत्याही कृत्रिम कुंचल्याचे एक दुखणे मान्य केले पाहिजे. वापराने त्याच्या टोकाला आकड्यासारखा बाक येतो आणि एकदा आला की पूर्णपणे जात नाही. कुंचला पाण्याच्या भांड्यात उभा ठेवणे आणि गरम पाण्याने धुणे ही याची मुख्य कारणे आहेत. साध्या पाण्यात धुऊन, बोटांनी टोक जुळवून आडवा वाळवला तर आयुष्य बरेच वाढते. तरीही चांगल्या सेबलइतकी वर्षे तो टिकत नाही आणि शेवटी तो प्लास्टिकचा कचरा होतो. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एका चित्रकाराच्या कुंचल्यांचे प्लास्टिक थोडे असते आणि सापळ्यात अडकलेल्या प्राण्याच्या वेदनेशी त्याची तुलना करताना मी प्राण्याच्या बाजूने उभी राहते, इतकेच सांगू शकते. घेताना आणखी एक सावधगिरी हवी. काही लोकप्रिय मालिकांत खरे केस आणि कृत्रिम तंतू यांचे मिश्रण असते. सिल्व्हर ब्रश कंपनीच्या ब्लॅक व्हेल्वेटमध्ये खारीचे केस आहेत आणि विन्सर अँड न्यूटनच्या सेप्टर गोल्डमध्ये सेबल आहे. ‘ब्लेंड’ किंवा ‘मिक्स’ असा शब्द दिसला की वर्णन शेवटपर्यंत वाचावे.

आता कागद. जलरंगाचा कागद रंग शोषून घेऊ नये म्हणून त्याला खळ दिली जाते. ही खळ लगद्यात मिसळतात, तयार कागदाच्या पृष्ठभागावर देतात किंवा दोन्हीकडे देतात. पृष्ठभागावरची पारंपरिक खळ जिलेटिनची, म्हणजे जनावरांच्या कातड्यांपासून आणि हाडांपासून काढलेली. फ्रान्सचा आर्श आणि इंग्लंडचा सॉन्डर्स वॉटरफर्ड हे दोन्ही नामांकित कागद जिलेटिनचेच आहेत. आर्शचा कागद पहिल्यांदा भिजवताना जो वास येतो, तो या जिलेटिनचा. अनेक चित्रकारांना तो वास म्हणजे उत्तम कागदाची खूण वाटते आणि गुणवत्तेच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. जिलेटिनने पृष्ठभाग कणखर होतो. वाळलेला रंग ओल्या कुंचल्याने घासून उचलता येतो, मास्किंग फ्लुइड (पांढऱ्या जागा राखण्यासाठी लावायचे रबरी द्रव) ओढून काढताना कागदाचे तंतू निघत नाहीत आणि पात्याने खरवडून पाण्यावरची चमक काढता येते.

जिलेटिन नसलेल्या कागदांत माझी पहिली पसंती इटलीच्या फाब्रियानो आर्टिस्टिको या शंभर टक्के कापसाच्या कागदाला आहे. उत्पादक त्यात प्राणिजन्य घटक नसल्याचे स्पष्टपणे सांगतात. फाब्रियानो गावात कागद तेराव्या शतकापासून बनतो आणि युरोपात जिलेटिनची खळ रूढ करण्याचे श्रेयही तिथल्याच कारागिरांना दिले जाते. त्याच गावाच्या नावाचा कागद आज जिलेटिनशिवाय उत्तम काम देतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण परंपरा म्हणून एखादी गोष्ट बदलता येत नाही असे म्हणणाऱ्यांना हे ठोस उत्तर आहे. तीनशे जीएसएमच्या (दर चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाच्या) कोल्ड प्रेस, म्हणजे मध्यम खरखरीत, कागदावर रंग उजळ बसतात, ओल्यावर ओले टाकलेले रंग हळूहळू आणि मऊ कडांनी पसरतात आणि धुके, दूरचे डोंगर, पाण्यातली प्रतिबिंबे यांसाठी मला तो जिलेटिनच्या कागदापेक्षाही आवडतो. पद्धत बदलावी लागते ती दुरुस्तीच्या वेळी. येथे रंग घासून उचलण्याला मर्यादा आहे. त्यामुळे पांढऱ्या जागा आधीपासून राखाव्या लागतात आणि मास्किंग फ्लुइड लावायचेच असेल तर ते कागदावर फार दिवस न ठेवता, पूर्ण वाळल्यावर हलक्या हाताने काढावे लागते. ज्यांचे काम थरावर थर चढवून मग मागे धुण्याचे आहे, त्यांना हा बदल जड जाईल. ज्यांचे काम एका दमात होणारे आहे, त्यांना तो जाणवणारही नाही.

कमी खर्चात सरावासाठी बॉकिंगफर्ड हा कागद चांगला आहे. तो कापसाचा नसून लाकडाच्या लगद्याचा आहे आणि त्याची खळ लगद्यातच मिसळलेली असते. त्यावरून रंग आश्चर्य वाटेल इतक्या सहजपणे उचलता येतो, मात्र थर चढवताना खालचा थरही तितक्याच सहजपणे हलतो. देशी हातकागदाबद्दल मला आत्मीयता आहे. पुण्याच्या शिवाजीनगर भागात १९४० पासून हातकागदाचे काम चालत आले आहे आणि चिंध्यांपासून बनलेल्या कापसाच्या कागदाचा पोत यंत्राच्या कागदाला येत नाही. परंतु हातकागदाची खळ प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. कोठे ती रासायनिक असते, कोठे स्टार्चची आणि कोठे सरसाची किंवा जिलेटिनची, आणि वेष्टनावर याचा उल्लेख क्वचितच सापडतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी थेट बनवणाऱ्यांना विचारावे. त्यांना आपल्या खळीची पक्की माहिती असते आणि विचारणाऱ्याला ते आनंदाने सांगतात, असा माझा अनुभव आहे.

मुंबई-कोकणात राहणाऱ्यांसाठी एक सूचना कागदाच्या जातीपलीकडची आहे. दमट हवेत कोणत्याही कागदाची खळ कमजोर होते आणि मग वॉश टाकल्यावर ठिपके आणि डाग उमटतात. जून उजाडण्यापूर्वी कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून ठेवावा. महागडा कागद त्यामुळेच वाचतो.

रंगांची बाजू तुलनेने सोपी आहे. जलरंगाचा बांधक म्हणजे बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक, आणि तो वनस्पतिजन्यच आहे. अडचण येते ती काही रंगद्रव्यांची आणि पूरक द्रव्यांची. ट्यूबवर रंगद्रव्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक छापलेला असतो आणि त्यात पीबीके ९ दिसला तर तो हाडांचा कोळसा आहे, मग ट्यूबचे नाव आयव्हरी ब्लॅक असो, बोन ब्लॅक असो वा आणखी काही. हाच काळा काही कंपन्यांच्या पेन्स ग्रे, सेपिया यांसारख्या मिश्र रंगांतही असू शकतो, म्हणून केवळ नावावर जाऊ नये. पीबीके ६ किंवा ७ हे काजळीचे काळे आणि पीबीके ११ हा लोहाचा मार्स ब्लॅक, हे बिनधोक पर्याय आहेत. जलरंगात मी तर ट्यूबमधला काळा घेतच नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून मिळणारी गडद छटा कोकणातल्या कौलारू घरांच्या सावल्यांना अधिक शोभते, आणि ती उबदार किंवा थंड करणे आपल्या हातात राहते.

खऱ्या कारमाइनमध्ये एनआर ४ हे रंगद्रव्य असते. ते निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांपासून काढतात. ते प्रकाशात फिके पडते, त्यामुळे कलाकाराने ते टाळण्यात कलेचाही फायदाच आहे. क्विनाक्रिडोन कुळातले पीव्ही १९ आणि पीआर १२२ हे त्याहून कितीतरी टिकाऊ आहेत. इंडियन यलो नावाचा आजचा रंगही कृत्रिम आहे. आंब्याची पाने खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून बिहारमध्ये तो बनवत असल्याचे वर्णन १८८३ मध्ये लिहिले गेले होते, पण त्या प्रकारचा रंग बाजारातून जाऊन शतक उलटले आहे. मधाच्या बाबतीत प्रत्येकाने आपली रेषा ठरवावी. फ्रान्सच्या सेनेलिए आणि अमेरिकेच्या एम. ग्रॅहम या कंपन्या मधाचा वापर उघडपणे सांगतात, त्यामुळे ज्यांना मध नको त्यांना निवड सोपी जाते. बैलाचे पित्त मात्र ट्यूबवर सहसा लिहिलेले नसते. रंग कागदावर सहज पसरावा म्हणून ते मिसळतात आणि माध्यम म्हणून वेगळ्या बाटलीतही विकतात. ही बाटली घेण्याची मला कधीच गरज वाटलेली नाही. कागद आधी ओलसर करून घेतला की तेच काम साध्या पाण्याने होते.

कागद ओला करायला नैसर्गिक समुद्री स्पंज वापरण्याची पद्धत आहे आणि तो स्पंज म्हणजे स्वतः एक प्राणीच असतो. स्वयंपाकघरातला सेल्युलोजचा स्पंज ते काम तितकेच चांगले करतो. कॅनव्हासवर काम करणाऱ्यांनी सशाच्या कातड्याच्या सरसाऐवजी ॲक्रिलिक जेसो हा अस्तराचा पांढरा लेप घ्यावा, तो सगळीकडे मिळतो. वॉटरप्रूफ काळ्या शाईत अनेकदा लाख असते आणि लाख किड्यांपासून येते, म्हणून रेखाटनासाठी ॲक्रिलिक बांधक असलेली शाई पाहावी. तेलखडू आणि मेणखडू यांत मधमाशीचे मेण किंवा जनावरांच्या चरबीपासूनचे स्टिअरिक ॲसिड असू शकते. वेष्टनावरून ते कळत नाही.

खाद्यपदार्थांवर आपल्याकडे हिरवा ठिपका सक्तीचा आहे, पण कलासाहित्यावर तसली कोणतीही खूण बंधनकारक नाही. त्यामुळे विचारणे हाच मार्ग उरतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात काउंटरवर उभे राहून ‘हे व्हीगन आहे का?’ असे विचारले तर दुकानदार भांबावतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ‘या ब्रशमध्ये केस आहेत की नायलॉन?’ आणि ‘या कागदाला जिलेटिन आहे का?’ असे विचारले की बहुतेक जण वेष्टन उलटून पाहतात किंवा वितरकाला फोन लावतात. उत्पादकाला ईमेल पाठवताना सगळ्या मालाबद्दल एकत्र न विचारता मालिकेचे आणि छटेचे नाव लिहावे. कुंचल्याबद्दल तंतू आणि फेरूलमधला (तंतू धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळीतला) गोंद, कागदाबद्दल आतली आणि पृष्ठभागावरची खळ, रंगाबद्दल रंगद्रव्य, पित्त, मध आणि ग्लिसरीनचा उगम, असे नेमके प्रश्न असले की उत्तरही नेमके येते. ‘आमची उत्पादने प्राण्यांवर तपासलेली नाहीत’ एवढेच उत्तर आले तर प्रश्न पुन्हा पाठवावा, कारण ते घटकांबद्दल काहीच सांगत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एकदम सगळे घेऊ नये. चार आणि आठ नंबरचे दोन गोल कृत्रिम कुंचले, एक इंची चपटा कुंचला, सरावासाठी बॉकिंगफर्डचे पॅड आणि क्रमांक तपासून घेतलेल्या सहा ट्यूब यांत पहिले वर्ष आरामात निघते: हॅन्सा यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्विनाक्रिडोन रोझ, अल्ट्रामरीन आणि थॅलो ब्लू. वॉशवर हात बसला की मग आर्टिस्टिकोचा एखादा मोठा ताव घेऊन त्याचे चार तुकडे करावेत, आणि त्यानंतर मोठ्या कासानेओचा विचार करावा.